चीनहून थेट मागवलेले शंभर फवारणी पंप: एका हंगामानंतर

फवारणी पंप घ्यायला गेलात तर दुकानदाराला आधी बॅटरी बाहेर काढायला सांगा आणि ती काट्यावर ठेवा. वर काय छापलंय ते नंतर वाचा. १२ व्होल्ट, ८ अँपिअरची (खरं तर अँपिअर-तासाची, पण बाजारात असंच म्हणतात) लेड-ॲसिड बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. खरी १२ अँपिअरची असेल तर साडेतीन किलोच्या खाली सहसा येत नाही, कारण आत शिसं तेवढं लागतंच. आमच्या मानवतच्या (जि. परभणी) मोंढ्यात 'बारा बाय बारा', म्हणजे १२ व्होल्ट आणि १२ अँपिअरच्या, म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्या मी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघितल्या आहेत. दोन किलो दोनशे. दोन किलो तीनशे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रीत वेगळी. ते पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीला ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. १२ ची बॅटरी सहा तासांच्या आसपास बल्ब पेटता ठेवते. मोंढ्यातल्या ह्या बॅटऱ्यांवर तो साडेतीन तासांच्या आत लाल पडतो.

बारा बाय बाराचे पैसे मोजणाऱ्या माणसाची बॅटरी भर दुपारी रानात बसते. तो पंप पाठीवर घेऊन आमच्याच दुकानात येतो, आणि त्याला सांगायला आमच्याकडे काही नसतं. तीन वर्षं आम्हीही तेच पंप विकत होतो. मुंबईच्या होलसेलरकडून जे खोकं येई ते फोडायचं आणि वरचं लेबल वाचून दाखवायचं. हे आधी कबूल करते, मग पुढचं लिहिते.

अण्णांनी हे दुकान पितळी हातपंपांच्या दुरुस्तीपासून उभं केलं. मी परभणीला बी.कॉम. केलं आणि नऊ वर्षांपासून गल्ल्यावर बसते, मोटारी उघडते, वायसर बदलते. माल थेट चीनहून आणावा असं २०२४ च्या दिवाळीनंतर डोक्यात आलं. मधला माणूस गेला की भाव उतरेल हा एक विचार, आणि आपण काय विकतो ते आपल्याला माहीत असेल हा दुसरा. आता एक हंगाम उलटलाय. असं करायचा विचार करणारे दुकानदार मराठवाड्यात बरेच आहेत, तीन-चार जण तर विचारायला दुकानापर्यंत आले. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. साइटचं, कारखान्याचं आणि एजंटचं नाव देणार नाही. कारखान्याचं नाव दिलं तर पहिला जाब सेल्सच्या मुलीला विचारला जाईल, आणि ह्या सगळ्या व्यवहारात माझ्याशी सगळ्यात सरळ वागली ती तीच.

सुरुवात सोपी आहे, इतकी की भीती वाटावी. आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) पोर्टलवर ५०० रुपयांत निघतो, आणि तो म्हणजे तुमचा पॅन नंबरच असतो. दर वर्षी एप्रिल ते जून ह्या काळात तो अपडेट करायचा विसरू नका, नाहीतर बंद पडतो. होलसेल साइटवर फवारणी पंप शोधला की शेकडो कारखाने येतात, आणि त्यातले बरेचसे एकाच भागातले निघतात: चेच्यांग प्रांतातलं तैझोऊ. प्लॅस्टिकचे साचे आणि पंप ह्यांचं ते मोठं केंद्र आहे. कोइम्बतूरच्या मोटारी किंवा राजकोटची इंजिनं म्हणतो, तसं ते गाव. मी अकरा ठिकाणी चौकशी केली, तीन ठिकाणचे नमुने मागवले, एक पंप निवडला. १६ लिटर, एक मोटार, वेग कमी-जास्त करायचं बटण, स्टीलची कांडी, चार नोझल. चीनच्या निंगबो बंदरावर पोच भाव १३ डॉलर २० सेंट, कमीत कमी शंभर नग.

नमुना ठरल्यावर पहिला प्रश्न आला. चॅटवर त्या मुलीनं विचारलं, लेबल ८ चं हवं की १२ चं? मला वाटलं दोन वेगळ्या बॅटऱ्या आहेत, म्हणून मी भावातला फरक विचारला. उत्तर आलं: भाव एकच, बॅटरीही एकच, फक्त स्टिकर वेगळा. भारतातले बहुतेक ग्राहक १२ चं लेबल घेतात. आत खरी किती, असं विचारलं तर तिनं लगेच लिहिलं, आठ.

ह्या उत्तरावर मी बराच वेळ थांबले. तिनं मला फसवलं नव्हतं. उलट, विचारल्याबरोबर खरं सांगितलं होतं. जे काही खोटं होतं ते ऐनवेळी माझ्या हातून माझ्या गिऱ्हाइकाला जाणार होतं, आणि त्याची सोय तिकडून फुकट मिळत होती. 'चायना माल फसवा' असं आपण सहज म्हणतो. १२ चं लेबल मागणारे फोन मात्र आपल्याच बाजारातून जातात.

मी ८ चं लेबल मागितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की आमच्याकडे १२ च्या लेबलची छपाई तयार आहे, ८ चं वेगळं करायला ४० डॉलर पडतील. खरं छापायला जास्तीचे पैसे. शंभर पंपांवर वाटले तर नगामागं पस्तीस रुपये. दिले.

मग तशाच सोयी एकामागून एक येत राहिल्या, प्रत्येक वेळी तितक्याच अदबीनं. भारतातल्या एका नावाजलेल्या कंपनीचा लोगो टाकून हवा का? खोक्यावर 'मेड इन इंडिया' हवं का, की कोरं ठेवू? युरोपचं सीई, म्हणजे माल सुरक्षित असल्याचं, प्रमाणपत्र हवं का? प्रमाणपत्राचा फोटो मी मागून घेतला, त्यावरच्या प्रयोगशाळेच्या साइटवर नंबर टाकला, तर तो वेगळ्याच मालाचा निघाला. आपल्याकडे लीगल मेट्रॉलॉजीचे, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखालचे, २०११ चे पॅकबंद मालाचे नियम आहेत. बाहेरून आणलेल्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी असावीच लागते. मी तेवढंच छापून घेतलं, मराठीत आणि इंग्रजीत. मराठी मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागला, कारण त्यांच्याकडे वेलांट्या सुटून अक्षरं विस्कटत होती. तीन वेळा दुरुस्ती केली, पण 'फवारणी' शेवटी नीट आलं.

सोबतच्या माहितीपत्रकाच्या मागं जगाचा नकाशा होता, आणि त्यात अरुणाचल चीनमध्ये दाखवलेला. मी म्हटलं, हा इथं चालायचा नाही. ती म्हणाली, इथला छापखाना दुसरा नकाशा छापूच शकत नाही. ते खरं आहे. २०१९ मध्ये चिंगदाओच्या कस्टमनं अरुणाचल भारतात दाखवणारे जवळपास ३०,००० नकाशे नष्ट केले होते, परदेशी ऑर्डरचे असूनही. शेवटी पत्रकाचं मागचं पान कोरं ठेवलं. ती जागा मी पुढं अण्णांच्या सूचनांसाठी वापरली: वारा कोणत्या बाजूनं आहे ते बघा, नोझल तोंडानं फुंकू नका, उपाशीपोटी फवारू नका.

आता एजंटबद्दल, कारण खरी घसरण्याची जागा तीच आहे. माल निंगबोहून मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला आणून सोडवायला माणूस लागतो. मी मुंबईतल्या एकाचा नंबर मिळवला. तो बोलायला अत्यंत चांगला. त्यानं दोन भाव दिले. पहिला, रीतसर: जहाजाचं भाडं, बंदराचे खर्च, कस्टम ड्युटी, सीएचएची (कस्टममधून माल सोडवणाऱ्याची) फी, मानवतपर्यंतचा ट्रक. सगळं धरून, जीएसटी बाजूला ठेवून, पंप मला १,६४० रुपयांना पडत होता. त्यात पंपाची किंमत १,१५०, ड्युटी शंभरच्या आसपास आणि उरलेले वाहतुकीचे. मुंबईचा होलसेलर तोच पंप १,७२० ला देत होता. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर नगामागं ऐंशी रुपये, त्यातही पस्तीस लेबलात गेलेले.

दुसरा भाव होता १,३९०. माल दुसऱ्याच कुणाच्या तरी आयईसीवर उतरेल, कागदावर पंपाची किंमत ५ डॉलर असेल, बाकीची रक्कम रोख द्यायची, तिकडं पोचती होईल. बिल नाही. "ताई, सगळे असंच करतात, तुम्ही एकट्याच रीतसर आणाल तर विकणार कितीला?" असं तो म्हणाला. त्याचा हिशेब चूक नव्हता, आणि म्हणूनच तो अवघड होता. शंभर पंपांमागं पंचवीस हजार रुपये. आमच्या दुकानाचं वर्षाचं भाडं त्याच्या जवळपास आहे.

त्या रात्री मी आणि अण्णा वही घेऊन बसलो. मी कस्टम कायदा वाचून ठेवला होता. १९६२ चा तो कायदा, त्यातलं कलम ११४एए: खोटे कागद देणाऱ्याला मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड. अण्णांनी दंडाचं ऐकून घेतलं आणि वेगळंच विचारलं. "पंप बिघडला तर माणूस कोणतं बिल घेऊन येईल?" तेवढ्यावर ठरलं. बिलाशिवाय आलेला पंप आम्ही बिलाशिवायच विकणार, आणि बिल नाही म्हणजे उद्या त्या पंपानं कुणाला काही झालं तर तो कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही.

हे मी उगाच ताणून लिहीत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते. कारणं बरीच होती: डोक्याएवढा वाढलेला कापूस, दोन-तीन औषधं एकत्र कालवणं, ना मास्क ना हातमोजे, उन्हाची वेळ. आणि त्या दिवसांतल्या बातम्यांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, चायना पंप. जास्त दाबाचा पंप औषधाचं धुकं करतो. ते धुकं पानावर बसायच्या आधी माणसाच्या नाकातोंडात जातं. अण्णांनी त्या वर्षी जास्त दाब देणारे डबल मोटारचे पंप दुकानातून काढून टाकले होते. पुढच्या वर्षी गिऱ्हाइक दुसरीकडं जायला लागलं, तसे परत आणले. दाब जास्त म्हणजे पंप भारी असं लोक धरून चालतात, आणि दुकानदारानं ते खोडून काढलं नाही की ते पक्कं होतं.

म्हणून ह्या वेळी एकच मोटार घेतली. त्या मुलीनं दोनदा समजावलं की भारतात डबल मोटार जास्त खपते. मी म्हटलं, माहीत आहे.

प्रत्येक पंपासोबत चष्मा, मास्क आणि हातमोजे द्यायचे असंही ठरवलं होतं. तिकडून नमुन्याला आले ते कापसाचे हातमोजे, जोडीचा भाव फारच कमी. औषध फवारायला सुती हातमोजे घालणं म्हणजे विषाचं फडकं हाताला गुंडाळणं. त्याला नायट्रिलचे लागतात. पण ते सुती हातमोजे टेबलावर बरेच दिवस पडून होते आणि मला त्यांचा भाव खटकत राहिला. आम्ही कापसाच्या मुलखातले. एका क्विंटलमागं किती वेचणी जाते, किती फवारण्या जातात हे आम्हाला पाठ आहे. चीनच्या कापसातला ऐंशी टक्क्यांहून जास्त एकट्या शिंजियांगमधून येतो, आणि तिथल्या उइगर लोकांकडून सक्तीनं काम करून घेतलं जातं असे पुरावे इतके पुढं आले की अमेरिकेनं कायदाच केला. जून २०२२ पासून शिंजियांगचा माल सक्तीच्या मजुरीचा नाही हे आणणाऱ्यानं सिद्ध करायचं, नाहीतर माल बंदरातच अडतो. चीन सरकार हे सगळं नाकारतं. भारतात असा कायदा नाही, म्हणजे प्रश्न पूर्णपणे माझ्यावर येऊन पडतो. मी विचारलं, ह्या हातमोज्यांचा कापूस कुठला? उत्तर आलं नाही. तेव्हा ते घेतले नाहीत. नायट्रिलचे छत्रपती संभाजीनगरहून घेतले, महाग पडले.

आता त्या मुलीबद्दल. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथं साडेअकरा. मी दुकान बंद करून, जेवून चॅट उघडायची आणि ती दर वेळी तिथं असायची. पुढंपुढं मलाच संकोच वाटायला लागला. चीनमध्ये '९९६' म्हणतात: सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच ते बेकायदा असल्याचं सांगितलं. पण न्यायालयानं सांगणं आणि कारखान्यानं ऐकणं ह्यातलं अंतर आपल्यालाही नवं नाही. मी एकदा विचारलं, तुला सुट्टी कधी असते? पंप जोडणाऱ्या बायका किती तास काम करतात?

बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक ओळ आली. ताई, असे प्रश्न इथं नको, चॅट कंपनीला दिसतं. 'ताई' अर्थात तिनं लिहिलं नव्हतं, 'सिस्टर' लिहिलं होतं, पण मी ते तसंच वाचलं.

दुसरीकडं बोलावं तर कुठं? वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद, गलवानच्या चकमकीनंतर ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी आली त्यातलं ते एक. व्हॉट्सॲप चीनमध्ये २०१७ पासून बंद. दोन सरकारांनी आपापली दारं लावून घेतलीत, आणि मध्ये उरते ती साइटची एक खिडकी, जिच्यामागं तिचा मालक उभा आहे. मी विचारून तिला अडचणीत टाकत होते. न विचारता माल घेतला तर त्या बायकांबद्दल काहीच माहीत न होता घेत होते. ह्यातून मला मार्ग सापडला नाही. मी व्हिडिओ कॉलवर तिच्या मॅनेजरला कारखाना दाखवायला सांगितलं. त्यानं दाखवला: उजेड, पंखे, रांगेत टेबलं, निळे ॲप्रन. बघायला चांगला होता. त्या पलीकडं मी हमी देऊ शकत नाही. त्रयस्थ तपासनीस पाठवायचा खर्च शंभर पंपांच्या ऑर्डरला झेपत नाही. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक ऑर्डर दिली तर झेपेल, आणि असं कुणाला करायचं असेल तर मी तयार आहे.

पैशांचं थोडक्यात. तीस टक्के आगाऊ, सत्तर टक्के माल जहाजात चढल्यावर. उरलेले भरायच्या आदल्या दिवशी मेल आला की आमचं खातं बदललंय, नव्या खात्यात पाठवा. खातं वेगळ्याच नावाचं होतं. मी साइटच्या चॅटवर विचारलं तर कारखान्याचा मेल कुणीतरी फोडला होता. असा मेल आला की पैसे पाठवायच्या आधी समोरासमोर व्हिडिओवर खात्री करा. परभणीच्या बँकेत दोन खेपा घातल्या, चीनला पैसे पाठवणारी मी त्या शाखेत तरी बहुधा पहिलीच असेन, पण तिथल्या बाईंनी नीट बसून फॉर्म भरून घेतला.

२०२५ चं चिनी नववर्ष २९ जानेवारीला होतं. त्यामुळं सगळं बंद. ऑर्डर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेली, आणि अक्षय्य तृतीया होऊन आठवड्यानं ट्रक मोंढ्यात लागला. शंभरपैकी नऊ पंपांचा कांडीजवळचा सांधा गळत होता, चार चार्जर मेलेले. टाकी जाड, पट्टे रुंद आणि खांद्याला सोसणारे, प्रेशर स्विच मोटार वेळेवर बंद करतो. बॅटरी काट्यावर ठेवली: दोन किलो चारशे ऐंशी. अण्णांचा बल्ब चार तास पेटला. दहा नगांवर हेच केलं, सगळीकडं तेवढंच. जे छापलं तेच आत होतं. गळणाऱ्या सांध्यांसाठी कारखान्यानं दोन आठवड्यांत शंभर वायसर आणि सहा चार्जर कुरियरनं पाठवले, पैसे न घेता. मालाबद्दल माझी तक्रार एवढीच.

मग साइटनं मला रिव्ह्यू मागितला. त्याच दिवशी त्या मुलीचा निरोप आला. पाच तारे द्या, फोटोसकट, पुढच्या ऑर्डरवर १०० डॉलर सूट. त्याखाली वेगळी ओळ होती: पाचपेक्षा कमी आले तर माझा ह्या महिन्याचा बोनस कापतात.

त्या साइटवर मी ज्या रिव्ह्यूंवर विश्वास ठेवून कारखाने निवडले होते ते कसे लिहिले गेले असतील हे तेव्हा समजलं. नऊ गळके सांधे सोडून मी पाच तारे दिले असते तर माझ्यासारख्याच कुठल्यातरी गावातल्या दुकानदारानं ते वाचून पैसे पाठवले असते. १०० डॉलर नाकारणं सोपं होतं. तिचा बोनस सोपा नव्हता. चार दिवसांनी मी चार तारे दिले, गळतीचं लिहिलं, आणि सुटे भाग फुकट मिळाले, बोलणारी व्यक्ती अत्यंत प्रामाणिक होती, हेही लिहिलं. आठ दिवस तिच्याकडून काही आलं नाही. नंतर कळलं, बोनस कापला गेला. मी बरोबर केलं असं मला वाटतं, आणि त्याची किंमत तिनं भरली, हे दोन्ही आहे. तो बोनस भरून देऊ का असं विचारलं, तर तिनं नको म्हटलं.

दुकानात मी पाटी लावली: पंप चीनचा आहे. बॅटरी ८ अँपिअर. मोटार एक. पहिल्या आठवड्यात ही पाटी वाचून लोक परत गेले. पाथरीकडचा एक जण म्हणाला, "ताई, पलीकडं बारा बाय बारा हाय त्याच भावात, तुमच्याकडं आठच कामून?" मी त्याला पलीकडची बॅटरी घेऊन यायला सांगितलं. तो खरंच घेऊन आला. काट्यावर दोन्ही ठेवल्या, त्याची दोनशे ग्रॅमनं कमी भरली. त्याच्या नजरेत राग होता तो पलीकडच्या दुकानदारावर नव्हता, स्वतःवर होता, आणि ते मला जास्त लागलं.

फौजेतून निवृत्त झालेले एक काका दारातूनच बोलले, "गलवानला वीस पोरं गेली आपली, अन् तुम्ही चीनचा पंप मांडून बसलात." मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. दुरुस्तीला आलेले, भारतीय नावाचे दोन पंप उघडून दाखवले. दोन्हींच्या मोटारीवर चिनी अक्षरं. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात गेली, आणि त्यातलं किती आपल्या नावाच्या खोक्यात घालून विकलं जातं कोण जाणे. मी म्हटलं, काका, इथं बनलेली मोटार मिळाली तर मी तीच घेईन, आणि तोवर चीनची आहे तर चीनची म्हणून सांगेन. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी पंप घेतला नाही, चहा मात्र घेतला. त्यांचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही.

शंभरपैकी एकाहत्तर विकले, २,३५० ला, पक्क्या बिलावर. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं रानात पाणी उभं राहिलं, कापूस गेला, फवारणीच थांबली. उधारीचे अठरा जण आहेत आणि ह्या वर्षी मी त्यांच्या दारात जाणार नाही. हिशेब केला तर नफा होलसेलरच्या मालाएवढाही नाही, उरलेले एकोणतीस गेले तर बरोबरी होईल. एक फरक दिसतो. 'बॅटरी दुपारीच बसली' अशी तक्रार घेऊन अजून एकही पंप परत आलेला नाही, कारण ती किती चालणार हे घेणाऱ्याला घेतानाच माहीत होतं.

ज्यांना थेट मागवायचं आहे त्यांनी नमुना मागवावा, बॅटरी तोलावी, रीतसर भावातच हिशेब बसतो का बघावं. बसत नसेल तर मागवू नये. पंपाला मी चार तारे देते, तिथं दिले तेवढेच. साइटला तीन, कारण पैसे सुरक्षित राहतात पण तारे विकत मिळतात. त्या एजंटला एकही नाही.

परवा तिचा निरोप आला. पुढच्या हंगामाला साठ नग पाठवू का, असं विचारत होती. खाली लिहिलं होतं, तुमच्या ८ च्या लेबलची छपाई मी जपून ठेवली आहे, ह्या वेळी ४० डॉलर लागणार नाहीत.